दुसरा निकाह आणि पहिल्या घराचे देणे

पालकसभा संपली, चहाचे कप गोळा झाले, तरी सातवीतल्या एका मुलीची आई वर्गाबाहेर थांबून होती. शिष्यवृत्तीच्या फॉर्मबद्दल काही विचारायचे असेल असे मला वाटले. ती आत आली, बाकावर बसली आणि हळूच म्हणाली, "आपा, मैं निकाह करी तो कोरट का पैसा बंद होता क्या?"

तिची हकीकत मला थोडीफार ठाऊक होती. कराडकडच्या एका गावातील फौजीशी तिचा निकाह झाला तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. नवरा सतरा वर्षे नोकरी करून हवालदार म्हणून पेन्शनीवर आला. त्या सतरा वर्षांपैकी बारा वर्षे ती त्याच्या घरात होती. घरात म्हणजे त्याच्या आईवडिलांच्या घरात. तो कधी राजस्थानात, कधी काश्मिरात, कधी आसामात. वर्षाकाठी दोन महिने रजेवर. सासऱ्यांच्या पक्षाघाताची चार वर्षे तिने काढली, नणंदेचे बाळंतपण केले, दीड एकर सोयाबीन केले. तो घरी आला आणि वर्षभरात, २०१६ साली, तलाक झाला. कोर्टाने तिला दरमहा चार हजार आणि मुलीला दोन हजार पोटगी लावून दिली. आता मिरजेकडून एक मागणी आली आहे. माणूस विधुर आहे, लेथवर काम करतो, दोन मुले आहेत, चांगला वाटतो. पण भाऊ म्हणतो, विचार कर, चार हजार हातचे जातील.

मला जेवढा कायदा ठाऊक होता तेवढा सांगितला. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ नुसार, म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ नुसार, घटस्फोटित स्त्रीला पोटगी मिळते ती तिने पुन्हा लग्न केलेले नसेल तोवर. लग्न केले की त्या तारखेपासून हुकूम रद्द होऊ शकतो. मुलीचे दोन हजार मात्र चालू राहतील. तो मुलीचा हक्क आहे, आईच्या निकाहाशी त्याचा संबंध नाही.

तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "मतलब वो बारा साल का कुछ हिसाबच नहीं?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि म्हणून हा लेख लिहीत आहे. चार हजार रुपये बंद होणे न्याय्य आहे की नाही, हा वरवरचा प्रश्न झाला. खरा प्रश्न असा आहे की ते चार हजार होते कशाचे? गरजेचे की कमाईचे? दया म्हणून होते की देणे म्हणून?

सातारा जिल्ह्याला फौजेबद्दल काही सांगायची गरज नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' हा शब्दच लागून गेला आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. सांगली जिल्ह्यातही घराघरांत पेन्शनीचे पुस्तक आहे. आपल्या मुसलमान वस्त्यांतही भिंतीवर गणवेशातला फोटो असलेली घरे आहेत. या भागातली शेती, म्हातारी माणसे, पोरांच्या शाळा हे सगळे गेली शंभर वर्षे ज्या बायकांनी सांभाळले, त्यांच्या जोरावर ही फौज उभी राहिली, असे मी म्हटले तर कुणी फौजी नाकारणार नाही. भाषणात तर सगळेच म्हणतात.

आता पेन्शन म्हणजे काय ते पाहा. १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नव्हे, ती कर्मचाऱ्याची मालमत्ता आहे. डिसेंबर १९८२ मध्ये नकारा खटल्यात तेच आणखी ठासून सांगितले: उमेदीच्या काळात केलेल्या सेवेचा तो मोबदला आहे. जवानाला किमान पंधरा वर्षे नोकरी झाल्याशिवाय पेन्शन मिळत नाही. म्हणजे ती वर्षावर्षाने साठते. एखाद्या माणसाच्या पंधरा-सतरा वर्षांपैकी बारा वर्षे दुसऱ्या कुणाच्या पाठबळावर गेली असतील, तर त्या साठलेल्या रकमेत तिचे काही आहे की नाही?

आपल्या देशाचा कायदा म्हणतो, नाही. पेन्शन पेन्शनरची. १८७१ च्या पेन्शन कायद्यानुसार सावकाराला तिच्यावर जप्ती आणता येत नाही आणि पेन्शनरला पुढे मिळायची पेन्शन आधीच कुणाच्या नावे लिहूनही देता येत नाही. जवान नोकरीत असताना बायको-मुलांच्या पोटगीसाठी त्याच्या पगारातून कपात करण्याची सोय १९५० च्या सैन्य कायद्यात आहे, पण ती पगारापुरती. तलाक झाला की स्त्रीचे नाव पेन्शनीच्या कागदावरून जाते. कँटीनचे कार्ड जाते, माजी सैनिकांच्या दवाखान्याचे कार्ड जाते. नवरा वारला तर कुटुंब निवृत्तिवेतनही तिला नाही. तिच्या मुलांना मात्र आहे. एक खिडकी न्यायालयांनी उघडली आहे: २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटले की बायको ही सावकार नव्हे, म्हणून थकलेल्या पोटगीसाठी नवऱ्याची पेन्शन जप्त होऊ शकते. चांगले झाले. पण ती पोटगीची वसुली झाली, पेन्शनीतला हिस्सा नव्हे.

याच्या उलट बाजूला एक गोष्ट आहे, ती मला पचत नाही. १९८९ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, निवृत्तीनंतर लग्न करून आलेल्या पत्नीलाही कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. त्या स्त्रीवर माझा राग नाही, तिलाही पोट आहे आणि तो निकाल योग्यच आहे. पण शेजारी ठेवून पाहा. नोकरीची बारा वर्षे ज्या बाईने घर ओढले तिला काही नाही, आणि नोकरी संपल्यावर आलेल्या बाईला मरेपर्यंत पेन्शन. आणि नवऱ्याने दुसरा निकाह केला म्हणून त्याची पेन्शन एका रुपयानेही कमी होत नाही. कुणी त्याला विचारतही नाही. निकाहाची किंमत मोजायची ती एकटीने.

अमेरिकेत हाच प्रश्न फौजेच्याच पेन्शनीवरून उभा राहिला होता. १९८१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मॅकार्टी खटल्यात सांगितले की सैनिकाची पेन्शन घटस्फोटात वाटता येणार नाही. बायकांनी ओरड केली; नवऱ्याबरोबर दर दोन-तीन वर्षांनी गाव बदलणाऱ्या बाईला स्वतःची नोकरी करता येत नाही, मग म्हातारपणी तिने काय करायचे? पुढच्याच वर्षी, १९८२ साली, तिथल्या संसदेने कायदा करून राज्यांच्या न्यायालयांना ही पेन्शन मालमत्ता म्हणून वाटण्याची मुभा दिली. लग्न आणि नोकरी निदान दहा वर्षे बरोबरीने चालली असतील तर बायकोचा हिस्सा लष्कराच्या हिशेब खात्यातून थेट तिच्याकडे जातो.

आणि तिने पुन्हा लग्न केले तर? इथे माझे डोळे उघडले. मालमत्ता म्हणून मिळालेला हिस्सा, कोर्टाच्या हुकमात वेगळे काही लिहिले नसेल तर, दुसऱ्या लग्नाने बंद होत नाही. शेताची वाटणी झाल्यावर कुणी दुसरे लग्न केले म्हणून शेत परत मागता येत नाही, तसेच हे. पण त्याच नवऱ्याच्या त्याच पेन्शनीतून पोटगी म्हणून मिळणारे पैसे दुसऱ्या लग्नाने सहसा थांबतात. नवऱ्याच्या मृत्यूनंतर मिळणारा वारस-भत्ता पंचावन्न वर्षांच्या आत लग्न केले तर थांबतो, आणि ते लग्न मोडले तर पुन्हा सुरू होऊ शकतो. म्हणजे माणूस तोच, बाई तीच, पैसाही त्याच खात्यातला. कुठल्या नावाने दिला यावर तिचे दुसरे लग्न महाग की स्वस्त ते ठरते. एवढ्या लांब जायला नको म्हणा. शेजारच्या गोव्यात, वेगळा करार केला नसेल तर, लग्नानंतर नवराबायकोची मालमत्ता दोघांची अर्धी-अर्धी धरतात, मुसलमानांचीसुद्धा. घटस्फोटानंतर तिचा अर्धा तिचा. तिने पुढे कुणाशी लग्न केले याची चौकशी त्या अर्ध्याला नाही.

तर मग आपली शरिअत काय म्हणते? मी आलिमा नाही, शाळेत शिकवणारी बाई आहे. पण कुरआन वाचते आणि तर्जुमा समजून घेते, तेवढ्या अधिकाराने लिहिते.

आपल्याकडे वाद नेहमी 'इद्दतपर्यंत की इद्दतनंतरही' या एकाच ठिकाणी अडकतो. शाहबानोपासून, म्हणजे १९८५ पासून, तो तिथेच आहे. हनफी उलेमा म्हणतात, नफका इद्दतपर्यंत; पुढे तो परका पुरुष, त्याच्याकडून घ्यायचे काय? या म्हणण्यात एक सुसंगती आहे हे मान्य केले पाहिजे. त्यांच्या मते इद्दतनंतर देणेच नाही, म्हणून दुसऱ्या निकाहाने बंद होण्यासारखेही काही नाही. पण नफका हा एकच प्रकार कुरआनमध्ये नाही. सूरह बकराच्या २४१ व्या आयतीत तलाक दिलेल्या स्त्रियांना मताअ देणे हे परहेजगारांवर कर्तव्य सांगितले आहे, आणि तिथे तिने पुन्हा निकाह करू नये अशी अट नाही. सूरह तलाकमध्ये तर याहून नवल आहे: तलाकनंतर ती तुमच्या मुलाला दूध पाजत असेल तर तिला त्याचा मोबदला द्या. मोबदला! आईच्या दुधाचासुद्धा हिशेब धरणारी शरिअत बारा वर्षांच्या राबण्याचा हिशेब धरणार नाही, हे माझ्या मनाला पटत नाही.

आणि मेहर? तो तर सरळ कर्ज आहे. मुअज्जल मेहर राहिला असेल तर नवऱ्याच्या मृत्यूनंतर वारसांना वाटणी होण्याआधी तो चुकवावा लागतो. तिने दुसरा निकाह केला, तिसरा केला, तरी पहिल्या नवऱ्याकडचा मेहर बुडत नाही. सूरह निसाच्या विसाव्या आयतीचा आशय असा, की बायकोला ढीगभर धन दिले असले तरी त्यातले काही परत घेऊ नका. पुढची आयत विचारते, तुम्ही एकमेकांच्या इतके जवळ आल्यावर ते परत घ्याल तरी कसे? म्हणजे दुसऱ्या निकाहाने न संपणारे देणे ही कल्पना अमेरिकेतून आणायची गरज नाही. ती आपल्या घरात आहे. आपण तिचे काय केले ते मात्र बघा. माझ्या माहेरच्या आणि सासरच्या बाजूचे निकाहनामे मी पाहिले आहेत. मंडपावर दोन लाख, जेवणावर दोन लाख, आणि मेहर पाचशे एक्कावन्न.

या ठिकाणी मला हजरत आतिका बिन्त जैद (रजि.) यांची हकीकत आठवते. हजरत अबू बकर (रजि.) यांचे पुत्र अब्दुल्लाह हे त्यांचे पती. ताइफच्या वेढ्यात त्यांना बाण लागला आणि त्याच जखमेने पुढे ते वारले. त्यांचे आतिकांवर अपार प्रेम. आपल्यामागे निकाह करायचा नाही, या अटीवर त्यांनी पत्नीला काही मालमत्ता देऊन ठेवली होती. पुढे हजरत उमर (रजि.) यांनी निरोप पाठवला की अल्लाहने जे हलाल केले ते तुम्ही स्वतःवर हराम करून घेतले आहे, ती मालमत्ता अब्दुल्लाहच्या घरच्यांना परत करा आणि निकाह करा. आतिकांनी परत केली आणि उमर (रजि.) यांच्याशीच निकाह केला. उमर शहीद झाल्यावर त्यांनी जुबैर (रजि.) यांच्याशी केला.

ही गोष्ट मी स्टाफरूममध्ये सांगितली तेव्हा एक सर म्हणाले, "बघा, परत करावीच लागली ना? म्हणजे निकाह केला की पहिल्या नवऱ्याचे सोडावे लागते." मी दोन दिवस यावर विचार केला. सरांचे म्हणणे वरून बरोबर दिसते, पण परत केले काय? निकाह न करण्याच्या बदल्यात जे मिळाले होते ते. ती वैधव्याची किंमत होती. वैधव्य सोडले, किंमत परत केली. व्यवहार चोख झाला. मेहर परत करा असे उमर म्हणाले नाहीत. आणि त्यांच्या बोलण्याचा रोख पाहा: चूक निकाह करण्यात नव्हती, पैशाने निकाह अडवण्यात होती. आज कोर्टाचे चार हजार त्या बाईला जे सांगत आहेत ते नेमके अब्दुल्लाहच्या अटीसारखे आहे: एकटी राहा, पैसे घे.

सरकारनेही अशाच अटी घातल्या होत्या. शौर्यपदक मिळालेल्या जवानाच्या विधवेला पदकाचा भत्ता मिळतो. तिने पुन्हा लग्न केले तर तो बंद व्हायचा. अपवाद एकच, दिराशी लग्न केले तर! नोव्हेंबर २०१७ मध्ये संरक्षण मंत्रालयाने ही अट काढून टाकली. आता तिने कुणाशीही लग्न केले तरी भत्ता हयातभर चालतो. दिराची अट ज्याने कुणी लिहिली असेल त्याच्या मनात पैसा घरातच राहावा आणि बाईही घरातच राहावी, असे असणार. सूरह निसाच्या एकोणिसाव्या आयतीने बायकांवर जबरदस्तीने वारसा सांगण्याची बंदी केली, ती याच वृत्तीवर.

शहिदांच्या विधवांचे पहिल्या उम्मतीत काय झाले? उहुदच्या जखमेने अबू सलमा (रजि.) गेले, तेव्हा उम्मे सलमा (रजि.) यांच्या पदरात लहान मुले होती. पैगंबरांनी (स.) मागणी घातली तेव्हा त्यांनी वय झाल्याचे, मुले असल्याचे मोकळेपणाने सांगितले. मुलांसकट त्यांचा स्वीकार झाला. आपल्या मोहल्ल्यात मात्र चाळिशीतल्या तलाकशुदा बाईला मागणी आली की पहिला प्रश्न, "अब क्या जरूरत?"

कायद्याच्या बाजूने एक दिलासा आपल्या शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यातून आला आहे. १९८६ चा मुस्लिम महिला कायदा शाहबानो निकाल पुसण्यासाठी आणला असे म्हणतात, आणि ते खरेही आहे. पण २००१ मध्ये दानियल लतीफी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ असा लावला की इद्दतीच्या मुदतीत नवऱ्याने तिच्या पुढच्या आयुष्याचीही वाजवी तरतूद करायची. आता त्या कायद्याचे तिसरे आणि चौथे कलम शेजारी ठेवून वाचा. चौथ्या कलमात नातेवाइकांनी किंवा वक्फ बोर्डाने तिला सांभाळायचे सांगितले आहे, तिथे 'पुनर्विवाह न केलेली' असे स्पष्ट शब्द आहेत. तिसऱ्या कलमात, जिथे नवऱ्याचे देणे सांगितले आहे, तिथे हे शब्द नाहीत. चिपळूणच्या न्यायालयाने एका स्त्रीला याच कलमाखाली ४ लाख ३२ हजार मंजूर केले, वरच्या न्यायालयाने ९ लाख केले. मधल्या काळात तिने निकाह केला होता. नवऱ्याने उच्च न्यायालयात त्यावर बोट ठेवले. जानेवारी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की हा हक्क तलाकच्या दिवशीच पक्का झाला. नंतरच्या निकाहाने तो जात नाही. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तलाकशुदा मुस्लिम स्त्रीला कलम १२५ चा रस्ताही मोकळा असल्याचे पुन्हा सांगितले. म्हणजे तिच्यापुढे दोन रस्ते आहेत. एक महिन्याच्या महिन्याला, पण निकाहाला बांधलेला. दुसरा एकरकमी, पण निकाहापासून मोकळा. आमच्या या बाईला पहिल्या दिवशी कुणी दुसरा रस्ता दाखवला नाही. वकिलाने सांगितले तिथे तिने अंगठा नव्हे, सही केली; शिकलेली आहे ती.

नवऱ्याच्या बाजूनेही बोलले पाहिजे. हवालदाराची पेन्शन काही मोठी नसते. बर्फात काढलेल्या रात्री त्याच्या, त्याच्या गुडघ्यांच्या. बायकोने त्या काढल्या नाहीत. आता त्याचे दुसरे घर आहे, तिथे लहान मूल आहे. दुसऱ्याच्या घरात गेलेल्या बाईला दर महिन्याला पैसे पाठवायला त्याला जड वाटेल, आणि त्या नव्या नवऱ्यालाही ते घ्यायला गैरत आडवी येईल. तिला अन्नवस्त्र देणे ही आता नव्या नवऱ्याची जबाबदारी, हे शरिअतनेच सांगितले आहे. म्हणून गरजेपोटी दिलेली पोटगी निकाहाने थांबते, याला माझा विरोध नाही. आणि सगळीच पोटगी कमाई ठरवली तर दोन वर्षांत टाकून दिलेल्या बाईला दोन वर्षांचेच मिळेल, तिची भूक मात्र पूर्ण असेल. दोन्ही हिशेब लागतात. माझी तक्रार एवढीच आहे की आपण एकच ठेवला आणि दुसरा हिशेब वहीत लिहिलाच नाही.

लिहायचा कुठे, हेही ठाऊक आहे. निकाह हा करार आहे. पुढची पेन्शन लिहून देता येत नाही हे वर सांगितले, पण रोख रकमेचा मुअज्जल मेहर लिहिता येतो. फौजी मुलाचा निकाह ठरवताना त्याच्या वर्षा-दोन वर्षांच्या पगाराएवढा मेहर लिहायला मुलीच्या बापाने का लाजावे? हुंडा मागताना मुलाचा बाप लाजत नाही. एका काझीसाहेबांना मी हे बोलून दाखवले. ते हसून म्हणाले, "आपा, इतना मेहर लिखे तो लड़के वाले उठ के जाते." जातील. दहा घरांतली आठ जातील.

यंदा जूनमध्ये ती शाळेत आली, मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला. मुलगी आता मिरजेत आठवीला जाणार होती. रमजान ईदनंतर निकाह झाला असे ती म्हणाली. कोर्टाचे चार हजार बंद करायला तिने स्वतःच वकिलामार्फत अर्ज दिला. नवऱ्याने शोधून काढायची वाट पाहिली नाही. मुलीचे दोन हजार सुरू आहेत. नवीन निकाहनाम्यात मेहर किती लिहिला, हे विचारायचे माझ्या अगदी ओठांवर आले होते. पण बाहेर मुलगी दप्तर घेऊन उभी होती, आणि मिरजेची गाडी दोनची होती. मी दाखल्यावर तारीख घातली, मुख्याध्यापकांची सही घेतली आणि दिला.